१९७८ ची एमजीबी : डॅशवरचे काटे मनाला येईल तसे हलतात, सुरुवात कुठून करू?

वर्धाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गाडी १९७८ ची एमजीबी रोडस्टर (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार), उजव्या हाताचं स्टेअरिंग, निगेटिव्ह अर्थ (बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला जोडलेलं), वायरिंग बहुतेक मूळचंच. मुक्काम हिंगणघाटजवळच्या खेड्यात, पत्र्याच्या शेडमध्ये. पावसाळ्यात गाडी कमी निघते.

त्रास असा आहे. इंजिन सुरू झालं की पाच-दहा मिनिटांत पेट्रोलचा आणि टेंपरेचरचा काटा दोन्ही सोबतच वर चढतात. टाकी अर्धी असताना काटा जवळजवळ फुलवर जातो, टेंपरेचर लाल पट्टीला टेकतं. रेडिएटर मात्र उकळत नाही, कूलंटही कमी होत नाही. रात्री लाइट लावून ब्रेक दाबून धरला की पेट्रोलचा काटा सावकाश खाली उतरतो, टेंपरेचरचा तिथंच राहतो.

याशिवाय स्पीडोमीटर ३० ते ४५ मैलांच्या मधात झुलतो आणि कमी वेगात टिकटिक आवाज येतो. आरपीएमचा काटा खड्ड्यात चाक आदळलं की क्षणभर शून्यावर पडतो आणि परत येतो. ऑइल प्रेशर तेवढं ठीक आहे, चालताना ५५-६० पीएसआय आणि आयडलला २० च्या आसपास.

गॅरेजमध्ये सल्ला मिळाला की सगळे मीटर काढून नवे बसवा. एकाच वेळी चार मीटर खराब होतील हे पटत नाही. हाताशी डिजिटल मल्टिमीटर आणि १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प आहे. क्रम सांगा.

---

वीजजोड_पुसद

मीटर बदलू नका. तुमच्या वर्णनावरून चार मीटरपैकी एकही खराब वाटत नाही.

काटा किती वेगानं हलतो, ते आधी पाहा. निम्मं निदान तिथंच होतं. तुमच्या गाडीतलं पेट्रोल आणि टेंपरेचर मीटर स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीचं, बायमेटल जातीचं आहे. आत एका दुपदरी धातूच्या पट्टीवर बारीक तार गुंडाळलेली असते. करंटनं तार तापते, पट्टी वाकते, काटा सरकतो. हा काटा जागेवर यायला अर्धं मिनिटही घेतो, त्याला झटक्यानं उडताच येत नाही. म्हणून सावकाश चढणारे-उतरणारे काटे हा व्होल्टेजचा किंवा अर्थचा प्रश्न आहे, आणि झुलणारा स्पीडोमीटर किंवा फटकन पडणारा आरपीएम हा वेगळाच प्रश्न आहे. दोन्हींची सरमिसळ केली तर हाती काही लागणार नाही.

पेट्रोल आणि टेंपरेचर दोन्ही सोबत वर जातात याचा अर्थ दोघांच्या सामाईक जागी दोष आहे. ती जागा म्हणजे डॅशमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर, काडेपेटीपेक्षा लहान पत्र्याची डबी. तिच्यावर 'बी' खुणेच्या टोकाला हिरवी वायर येते (फ्यूजमधून, चावी चालू असताना १२ व्होल्ट) आणि 'आय' खुणेच्या टोकावरून फिकट हिरवी, हिरव्या रेघेची वायर दोन्ही मीटरला जाते. आतला बायमेटल संपर्क सतत चालू-बंद होत राहतो आणि मीटरला सरासरी १० व्होल्ट मिळतात.

आता कळीचा मुद्दा. त्या डबीला अर्थची वेगळी वायर नाही, ती ज्या स्क्रूनं बॉडीला बसवली आहे तोच तिचा अर्थ. स्क्रूखाली गंज किंवा रंग आला की आतल्या हीटरचं (बायमेटल तापवणाऱ्या तारेचं) सर्किट पूर्ण होत नाही, संपर्क सुटतच नाही आणि मीटरला थेट बॅटरीचं व्होल्टेज जातं. इंजिन चालू असताना ते १४ च्या आसपास असतं. तारेची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे १० च्या जागी १४ दिले की उष्णता जवळपास दुप्पट (१९६ भागिले १००). अर्धी टाकी फुल दिसणार, नॉर्मल इंजिन तापलेलं दिसणार. तुमची लक्षणं अगदी हीच आहेत.

तपासणी या क्रमानं करा :

१. इंजिन चालू करून बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. साधारण १३.८ ते १४.५ पाहिजे. १५ च्या वर असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर आधी बघा, नाहीतर पुढचं सगळं मोजमाप चुकेल.

२. चावी चालू ठेवून स्टॅबिलायझरच्या 'आय' टोकाला टेस्ट लॅम्प लावा. लॅम्प लुकलुकला तर स्टॅबिलायझर जिवंत आहे. एकसारखा पेटून राहिला तर अर्थ गेलेला आहे किंवा संपर्क चिकटलेले आहेत. पेटलाच नाही तर 'बी' कडे करंट येतो का ते पाहा. डिजिटल मीटर इथं लावू नका, आकडे ० ते १२ च्या मधात नाचतील आणि काहीच कळणार नाही. चावी लावल्या लावल्या काही सेकंद लॅम्प सलग पेटतो, ते बरोबर आहे. मिनिटभर थांबून पाहा.

३. लॅम्प सलग पेटत असेल तर एक वायर घेऊन एक टोक डबीच्या पत्र्याला घट्ट टेकवा, दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. मिनिटभरात लॅम्प लुकलुकायला लागला तर दोष फक्त अर्थचा. डबी काढा, स्क्रूची जागा चकचकीत घासा, दातेरी वॉशर घाला आणि त्याच स्क्रूखाली रिंग लग लावलेली वेगळी काळी वायर घेऊन बॉडीच्या चांगल्या अर्थला जोडा. डबी मुळात जशी उभी होती तशीच उभी बसवा. आतला संपर्क आडवा-तिरपा झाला तर आउटपुट बदलतं.

मोजमाप झाल्यावर डॅशमागचं काही सोडण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. ऑइल प्रेशरची बारीक नळी थेट मीटरपर्यंत येते. ती पिळली तर डॅशमागं गरम ऑइल सांडेल.

एक कळकळीची विनंती. काटा खोटं दाखवतो असं वाटत असलं तरी खात्री होईपर्यंत लांब जाऊ नका. इन्फ्रारेड थर्मामीटर मागून आणा आणि थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर मोजा. थर्मोस्टॅट ८२ अंशाचा असेल तर हाउसिंग त्याच्या आसपास दिसायला पाहिजे. एप्रिल-मेच्या उन्हात ट्रॅफिकमध्ये त्याहून वर जाईल, पण १०० च्या पुढं सरकत असेल तर काटा खरं बोलतो आहे.

---

इंजिनघर_वणी

भाऊ, पुसदवाल्या दादानं सांगितलं ते बरोबर हाये. मी स्पीडोमीटर आन् आरपीएमचं सांगतो.

स्पीडोमीटरले करंटच नसते. गिअरबॉक्सपासून केबल येते, ती आत एक चुंबक फिरवते, त्या चुंबकाच्या ओढीनं अल्युमिनियमची वाटी फिरते आन् केसासारखी स्प्रिंग तिले धरून ठेवते. केबल कोरडी पडली का ती एका जागी अडकते, पीळ घेते न मंग एकदम सुटते. तोच तुमचा काट्याचा झोका न तीच टिकटिक. मीटर काहून बदलता?

मीटरच्या मागचा खरखरीत नट हातानंच सोडजा, पक्कड लावू नका. आतली केबल वरून ओढून घ्या. रॉकेलनं पुसजा, सपाट काचेवर लोळवून पाहजा. सरळ लोळली पायजे, एखाद्या जागी टुणकन उडत असन तं तिथं वाक हाये. एक जरी तार उसवली असन तं नवी टाका, तेल-ग्रीसनं ते भागत नाई. चांगली असन तं पातळ ग्रीसचा हात फिरवून परत घाला, पण मीटरकडची वरची २० सेंटीमीटर कोरडी ठेवा. लोकं इथंच चुकतात. भरपूर ग्रीस लावते, फिरता फिरता ते वर चढते, मीटरमंधी शिरते न वाटी चिकटते. मंग खरंच मीटर खोलाचं काम पडते.

केबलचा वाक पाहजा. १५ सेंटीमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळण कुठीच नको. डॅश काढून परत बसवताना केबल मांगून दबते न वाक पडते, हे लय वेळा होते. गिअरबॉक्सचं ऑइल केबलमंधून वर येत असन तं खालचा सील गेला समजा, पयले तो बदला.

मीटर चांगलं का नाई ते पाहाचं असन तं ड्रिलमंधी चौकोनी टोकाचा तुकडा धरून हळू वेगात फिरवा. काटा एका जागी थांबला तं मीटर नीट. खाली दबला तं ड्रिलची दिशा उलटी हाये.

पुढं कधी दुसरं मीटर घ्याचं काम पडलंच तं डायलवर खाली बारीक अक्षरात टीपीएम लिहिलेला आकडा पाहजा. एक मैलाले केबलचे किती फेरे, तो तो आकडा. जुन्याशी जुळला पायजे, नाई तं वेग न मैल दोन्ही खोटे.

आता आरपीएम. काटा पडते तवा इंजिनबी धक्का खाते का, हे पयले ध्यान देऊन आयका. इंजिन एकसारखं चालत असन न काटाच पडत असन, तं मीटरच्या मांगच्या तीन जोडण्यांपैकी एक ढिली हाये : हिरवी पॉवरची, काळी अर्थची, न कॉइलच्या निगेटिव्हकडून येणारी पांढरी-काळी. काटा न इंजिन दोन्ही संगं धक्का खात असतीन तं मीटर सोडा, इग्निशनच तुटून रायलं. मंग डिस्ट्रिब्युटर खोलून आतली कापडी वेष्टणाची लहान वायर पाहजा. व्हॅक्यूम ॲडव्हान्सची प्लेट हालते तसतशी ती वाकते न वेष्टणाच्या आत तुटते, वरून धड दिसते. बोटानं ओढून पाहा, रबरासारखी लांबली तं आतलं तांबं तुटलं. आज काट्यानं सांगितलं, उद्या गाडी वर्ध्याच्या रस्त्यावर बंद पडन.

---

रेझिस्टर_दर्यापूर

स्टॅबिलायझरचा अर्थ दुरुस्त करूनही लॅम्प सलग पेटत राहिला, तर जुन्या डबीचे संपर्क चिकटले. तेव्हा तिच्याच पोटात ७८१० (कायम १० व्होल्ट देणारा रेग्युलेटर आयसी) बसवा. टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे हा आयसी सहज मिळतो. ७८१२ देऊ करतील, घेऊ नका. आपल्याला १० व्होल्ट पाहिजेत.

डबीच्या कडा उकलून आतला बायमेटल काढून टाका. आयसीची लिहिलेली बाजू आपल्याकडे धरली तर डावा पाय इनपुट ('बी' टोकाला), मधला अर्थ, उजवा आउटपुट ('आय' टोकाला). इनपुट ते अर्थ ०.३३ मायक्रोफॅरड आणि आउटपुट ते अर्थ ०.१ मायक्रोफॅरड, असे दोन कपॅसिटर पायांच्या अगदी जवळ लावा. नाहीतर आयसी ऑसिलेट होतो आणि काटे पुन्हा भरकटतात.

थंड हवेच्या देशातले लोक हा आयसी उघडाच लटकवतात आणि तो चालतो. आपल्याकडे नाही चालत. हिशेब करा. दोन्ही काटे वर असताना दोन्ही मीटर मिळून पाव अँपिअर धरा. १४ चे १० करताना ४ व्होल्ट आयसीत पडतात, म्हणजे एक वॉट उष्णता. हीटसिंक नसेल तर या आकाराचा आयसी वॉटमागे ५० ते ६५ अंश तापतो. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डॅशमागं ६० अंश सहज असतात. बेरीज १२५ च्या घरात, आणि तीच त्याची मर्यादा. त्यापुढं आयसी स्वतःला वाचवायला आउटपुट कमी करतो आणि भर दुपारी काटे खाली पडतात, मग शोधत बसा. म्हणून आयसीची धातूची पाठ हीट पेस्ट लावून स्क्रूनं डबीच्या पत्र्यावर आवळा आणि डबी बॉडीवर. पाठ म्हणजे अर्थच असल्यामुळे निगेटिव्ह अर्थच्या गाडीत मधे अभ्रकाची चकती नको.

वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे १९६७ च्या आधीची पॉझिटिव्ह अर्थची एमजीबी असेल तर हे सर्किट अजिबात वापरू नका. तिथं ७९१० लागतो, त्याच्या पायांचा क्रम वेगळा आणि पाठ इनपुटला जोडलेली असते, तिथं चकती लागतेच.

७८१० ला आउटपुटपेक्षा साधारण २ व्होल्ट जास्त लागतात. इंजिन बंद, नुसती चावी चालू आणि डॅशवर ११.८ व्होल्टच पोचत असतील तर काटे किंचित कमी दाखवतील. तो दोष नाही, इंजिन सुरू झालं की जागेवर येतील.

मीटर तपासायला सेंडरची (टाकीतली पातळी किंवा इंजिनचं तापमान मीटरला कळवणाऱ्या भागाची) वायर थेट अर्थला टेकवायची जुनी सवय बऱ्याच मिस्त्र्यांना आहे. बायमेटल मीटरची तार त्यानं जळू शकते. त्याऐवजी २२, ६८ आणि २२० ओहमचे एक वॉटचे रेझिस्टर घ्या आणि सेंडरची वायर काढून तिथून अर्थला एकेक लावा. पेट्रोलची वायर हिरवी-काळी, टेंपरेचरची हिरवी-निळी. २२ वर काटा फुलकडे, ६८ वर मधोमध, २२० वर रिकाम्याकडे आला तर मीटर आणि स्टॅबिलायझर दोन्ही बरोबर. प्रत्येक वेळी अर्धं मिनिट थांबा.

---

वर्धाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मोजून पाहिलं ते लिहितो.

बॅटरीवर इंजिन चालू असताना १४.२. 'आय' टोकावर लॅम्प सलग पेटत होता. डबीला बॅटरीपासून वायर लावली आणि अर्ध्या मिनिटात लॅम्प लुकलुकायला लागला. स्क्रूखाली गंजाची पूड निघाली. घासून वेगळी अर्थ वायर दिली. आता टेंपरेचर मधल्या खुणेच्या जरा खाली थांबतं, हाउसिंगवर ८४ अंश आले. आरपीएमच्या मागची काळी वायर ढिली होती, इंजिन धक्का खात नव्हतं.

लाइट आणि ब्रेक लावल्यावर पेट्रोलचा काटा मात्र अजून उतरतो. ६८ ओहम लावल्यावर काटा मधोमध येतो आणि ब्रेकनं हलत नाही. मी रेझिस्टरचं दुसरं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला दिलं होतं. स्पीडोमीटरची केबल उद्या काढतो.

---

वीजजोड_पुसद

रेझिस्टर बॅटरीच्या निगेटिव्हला लावला आणि काटा हलला नाही, म्हणजे मीटर, स्टॅबिलायझर आणि पुढून मागे येणारी हिरवी-काळी वायर सगळं ठीक. दोष मागच्या अर्थमध्ये आहे. सेंडर आणि मागचे दिवे एकाच गंजलेल्या जागेतून परत येतात. दिव्यांचा करंट त्या गंजातून गेला की तिथं एक-दीड व्होल्ट साठतो. सेंडरला ते पाठीमागून अडवणाऱ्या दाबासारखं होतं, मीटरमधला करंट कमी होतो, काटा खाली.

मोजायला सोपं आहे. मल्टिमीटरची लाल पिन सेंडरच्या अर्थ टोकाला, काळी बॅटरीच्या निगेटिव्हला लांब वायर घेऊन. चावी चालू, लाइट चालू, कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ०.२ व्होल्टच्या खाली पाहिजे. जास्त आलं तर डिकीतल्या काळ्या वायरींचे सगळे जोड उघडा. गोळीसारखी टोकं रबरी नळीत बसवलेली असतात, त्या नळीच्या आतला पत्रा हिरवा पडलेला असेल. नुसतं घासून भागत नाही, जोडच बदला. लुकासची (या गाड्यांचं इलेक्ट्रिक सामान बनवणारी ब्रिटिश कंपनी) गोळी ४.७ मिलिमीटरची असते. ट्रॅक्टरच्या दुकानात मिळणारी साधारण ४ ची असते, ती जुन्या नळीत बसल्यासारखी वाटते पण ढिली राहते. घ्यायची तर गोळी आणि नळी दोन्ही एकाच मापाच्या घ्या. चपट्या टोकांचं मात्र ६.३ मिलिमीटर माप कुठंही जुळतं.

शेडमध्ये तूर-सोयाबीनची पोती असतील तर डिकीच्या आणि डॅशच्या मागं वायरींवर उंदरांचे दात बघायला विसरू नका. नुसतं वेष्टण कुरतडलेली वायर कोरड्यात चालते आणि पावसाळ्यात बॉडीला लागते.

फ्यूजही एकदा काढून पाहा. लुकासच्या काचेच्या फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेलं असतं, ते उडण्याचं माप आहे. सलग वाहायचं माप १७. आजच्या मापानं ३५ चा फ्यूज घातला तर आधी वायर जळेल.

---

रेझिस्टर_दर्यापूर

मागचा अर्थ नीट करूनही काटा अडखळत हलला तर सेंडर काढावा लागेल. एमजीबीत तो टाकीच्या बाजूला, पेट्रोलच्या पातळीखाली असतो, त्यामुळे आधी टाकी रिकामी करा. बॅटरी काढलेली, शेडचं दार उघडं, जवळपास बिडी नाही की हीटर नाही. लॉकिंग रिंग फिरवायला लोखंडी छिन्नी नको, पितळेची किंवा लाकडाची घ्या.

सेंडर हातात आला की ओहमवर मीटर लावून फ्लोट सावकाश खालून वर न्या. रिकाम्याला साधारण २५०, फुलला २०-३० आणि मधात आकडा एकसारखा उतरत गेला पाहिजे. एखाद्या जागी एकदम 'ओपन' दाखवलं तर तिथं तार झिजली आहे. फ्लोट कानाजवळ हलवा. आत पेट्रोल वाजलं तर तो गळका आहे आणि काटा कायम कमी दाखवेल. एथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल ओढून घेतं, गाडी चार महिने उभी राहिली की सेंडरच्या तारेवर हिरवा थर येतो. कॉन्टॅक्ट क्लीनरनं तो जातो, सँडपेपर लावू नका, तार केसाएवढीच असते. परत बसवताना सील नवा आणि एथेनॉलला टिकणारा घाला.

जीपचा किंवा ट्रॅक्टरचा सेंडर बसतो म्हणून लावू नका. भोकं जुळली तरी ओहम जुळत नाहीत, काही उलटे चालतात, म्हणजे फुलला जास्त ओहम. टेंपरेचरचा सेंडर कधी काढलात तर त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. त्याला अर्थ त्या आट्यांतूनच मिळतो.

---

वर्धाकाठ

ब्रेक दाबून सेंडरच्या अर्थला १.४ व्होल्ट आले. डिकीतली काळी नळी उघडली तर आतला पत्रा हिरवाच होता, एक गोळी बोट लावताच सुटली. सध्या सेंडरपासून बॉडीला वेगळी अर्थ वायर दिली, आता ०.०५ येतात आणि काटा हलत नाही. गोळ्या आणि नळ्या मागवतो. केबल लोळवली, मीटरकडच्या टोकापासून वीतभर अंतरावर उडते आणि दोन तारा उसवलेल्या आहेत, नवी लागेल.

---

इंजिनघर_वणी

नवी केबल आणताना जुनी संगं न्या न लांबी जुळवूनच घ्या. दोन इंच लांब आली तं मांगं वाक पडन न झोका परत सुरू होईन. बसवताना पयले गिअरबॉक्सकडचं टोक बसवजा, मंग मीटरकडचं, न नट हातानंच आवळजा.